चिमीच्या रक्तात शिसं कुठून आलं

"लेड पॉयझनिंग," मॅडम म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा मराठीत सांगितलं, "शिशाची विषबाधा. तुमच्या मुलीच्या रक्तात शिसं आहे. भरपूर आहे."

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातला मुलांचा वॉर्ड. मॅडम तिथल्या मोठ्या डॉक्टर होत्या. टेबलावर दुसऱ्या लॅबमधून आलेला कागद होता आणि त्यावरच्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल केला होता. माझी चिमी पलीकडच्या खाटेवर झोपली होती. मी मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे तिने शिसपेन्सिल खाल्ली का?"

त्या हसल्या नाहीत. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, नाव नुसतं तसं पडलंय, असं त्यांनी समजावलं. शिशाबद्दल मला जगात एकच गोष्ट माहीत होती आणि तीही खोटी निघाली. तिथून पुढचे सहा महिने असेच गेले. जे माहीत आहे असं वाटायचं, ते नसायचं.

हे लिहिते आहे ते अशा आईबापांसाठी, ज्यांचं मूल आजारी आहे आणि कशाने आजारी आहे ते कोणालाच कळत नाहीये.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, माणसं पाच. मी, माझे मिस्टर सुरेश, चिमी, माझ्या सासूबाई आणि मोठे भाऊजी, म्हणजे सुरेशचे थोरले भाऊ. भाऊजी गिरणीत होते. संप फसला, गिरणी पुन्हा उघडली नाही. त्यांनी बायकोमुलांना गावी मालवणकडे पाठवलं आणि स्वतः आमच्याकडे राहून चाळीमागच्या एका ओतशाळेत काम धरलं. पितळेचे नळ ओततो, असं सांगायचे. सुरेश छापखान्यात कंपोझिटर होते, एकेक खिळा उचलून अक्षरं जुळवायचे. मी चाळीच्याच एका खोलीत बालवाडी घ्यायची.

चिमी तेव्हा साडेचार वर्षांची होती. गणपती होऊन गेल्यावर ती पोटाला हात लावून बसायला लागली. दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला व्हायचं नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. जंत पडले नाहीत. महिन्याने पुन्हा दिलं.

मग ती पांढरी पडत चालली. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतली कड. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक कोणाची तरी नजर लागली," आणि त्यांनी पोरीची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोणीतरी काहीतरी करत होतं.

दिवाळीनंतर मी तिला भिंतीचा पोपडा खाताना पकडलं. मागच्या दाराशी बसून ती माती चाटायची. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीचा फोटो काढला, हातावर टोचून बघितलं आणि प्रायमरी कॉम्प्लेक्स सांगितलं. म्हणजे लहान मुलांचा क्षय. खोकला नाही, ताप नाही, तरी क्षय कसा, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण त्यांच्या दारात एवढी माणसं उभी होती की विचारलं नाही. रोज सकाळी नाक दाबून औषध पाजायचं, असं तीन महिने चाललं.

त्या तीन महिन्यांत चिमी बदलली. बालवाडीतल्या सगळ्या कविता तिला पाठ असायच्या. आता अर्ध्यावर थांबून माझ्याकडे बघायची. चालताना अडखळायची. चिडायची, भांडी फेकायची. एकदा तिने भाताची थाळी उपडी केली तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. लाडाने शेफारली, असं मी शेजारणीला सांगितलेलंही आठवतं. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. कारण पुढे हॉस्पिटलात भेटलेल्या प्रत्येक आईने आपल्या मुलाला असंच कधीतरी मारलेलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी दूध पिताना तिच्या हातातला पेला सुटला. डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं. सुरेश कामावर गेले होते. भाऊजींनी तिला उचललं आणि अनवाणी टेकडी उतरत रस्त्यापर्यंत धावत नेलं. मी मागून धावत होते. रिक्षात ते तिचं डोकं छातीशी धरून सारखं एकच म्हणत होते, "चिमे, माझ्याकडे बघ." हॉस्पिटलात पोचेपर्यंत झटका थांबला होता.

पहिल्या दिवशी मेंदूज्वराचा संशय होता. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते स्वच्छ आलं. मग रक्त, पुन्हा रक्त, लघवी, डोक्याचा फोटो. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून कागद घडी करायची आणि उलगडायची. चौथ्या दिवशी लॅबमधल्या कोणाला तरी काचपट्टीवर तिच्या लाल पेशींवर बारीक निळे ठिपके दिसले. बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणतात त्याला. मॅडमनी लगेच गुडघ्यांचा एक्स-रे काढायला सांगितला. सगळा त्रास डोक्यात आणि पोटात, आणि ह्या गुडघा कशाला बघतायत, मला कळेना. त्यांनी फोटो खिडकीसमोर धरला. हाडाच्या टोकाशी खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती. मूल वाढतं तसं हाड वाढतं आणि त्या वाढत्या जागी शिसं साठतं, त्याची ती रेघ. लेड लाइन. रक्त दुसऱ्या लॅबला पाठवलं आणि नवव्या दिवशी तो गोल केलेला आकडा आला.

"घरात शिशाचं काम कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

सुरेश माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी खिळे जुळवतो. छापखान्यातले खिळे शिशाचेच असतात."

मॅडमनी त्यांच्या हातांकडे बघितलं, मी बघितलं आणि मग त्यांनी स्वतःही बघितलं. बोटांच्या टोकांना कायम असायचा तो काळपट रंग होता. अकरा वर्षं त्या हातांनी ते जेवत होते आणि चिमी झाल्यापासून तिलाही भरवत होते.

मॅडमनी त्यांना नोकरी सोडा असं म्हटलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. कामाचे कपडे घरात आणू नका, हात साबणाने धुवा, नखं कापा, एवढंच म्हणाल्या. घरात आणखी काय असू शकतं तेही सांगितलं. शेंदूर शिशापासून करतात. काही काजळांत आणि सुरम्यात असतं. जुन्या रंगात असतं. स्वस्त कल्हईत असतं. मी घरी गेले आणि देव्हाऱ्यातला शेंदूर काढला. सासूबाई स्वतः तूप जाळून काजळ धरायच्या, त्यात शिसं यायचं काहीच कारण नव्हतं. तरी ती डबी मी त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली आणि म्हटलं, "तुमच्या ह्या असल्या गोष्टींनीच झालं असेल." त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाऊजी दाराशी बसून हे सगळं ऐकत होते. ते उठून बाहेर गेले.

उपचार इंजेक्शनांचे होते. औषधाचं नाव ईडीटीए. ते रक्तातल्या शिशाला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं, असं मॅडमनी सांगितलं. पाच दिवस इंजेक्शनं, मग विश्रांती, मग पुन्हा पाच दिवस. ती फार दुखायची. सिस्टर ट्रॉली घेऊन दारात दिसली की चिमी खाटेखाली शिरायची. मी तिचे पाय धरायची आणि ती माझ्याकडे अशा नजरेने बघायची की आपण तिच्या बाजूचे आहोत की नाही, हेच मला कळेनासं व्हायचं. बरोबर मोजून घेतलेली लघवी रोज बाटलीतून लॅबला जायची. मी त्या बाटलीत निरखून बघत असे. काही दिसायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती एका सकाळी कविता म्हणायला लागली. सगळी, शेवटपर्यंत. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर कळलं की सुरेशनी छापखाना सोडला. मला विचारलं नव्हतं. एका कपड्यांच्या गोदामात राखणीचं काम धरलं होतं. त्यांच्या हातासारखा हात त्या छापखान्यात दुसरा नव्हता. मालक अवघड मजकूर त्यांच्याकडेच द्यायचे. मी म्हटलं, मॅडमनी असं कुठे सांगितलं होतं? ते म्हणाले, "मला तिला उचलून घ्यायचंय. त्या हातांनी नको." एवढंच. मग खिळ्यांचा विषय घरात कोणी काढला नाही.

मी भिंती धुतल्या, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली. पाणी उकळलं. दूध बदललं. चिमीला आम्ही मागच्या दाराशी खेळू देत होतो, कारण तिथे वारा असायचा. संध्याकाळी ती तिथेच भाऊजींची वाट बघायची. ते कामावरून आले की तसेच, अंगावरच्या कपड्यांनिशी तिला खांद्यावर घेऊन नळापर्यंत न्यायचे. आजारपणात तिचं वजन कमी झालं होतं आणि ती खांद्यावर बसून हसायची ते बघून आम्हाला बरं वाटायचं.

जूनमध्ये तपासणीला गेलो. पुन्हा रक्त, पुन्हा नऊ दिवस. आकडा वर गेला होता.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. जंतवाल्या डॉक्टरांना कळत होतं, क्षयवाल्यांनाही कळत होतं. कळत नाही असं म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. त्या वेळी मला त्याचा रागच आला. पण आता वाटतं, तिथूनच आमचं नशीब फिरलं.

चिमीला पुन्हा दाखल केलं. मी सुरेशना बाकावर बसवून विचारलं, "खरं सांगा, तुम्ही अजून छापखान्यात जाता का?" ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी त्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या एका बाकाच्या दोन टोकांना बसून होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, भेटीच्या वेळेला, भाऊजी आले. चिमीच्या खाटेपाशी न येता सरळ मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. मॅडमनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"मी पितळ ओतत नाही," ते म्हणाले. "तिथं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात. आतल्या पाट्या कढईत वितळवतात. ते शिसं असतं. ते काम मी करतो."

मॅडमनी विचारलं, हे घरात कोणाला माहीत आहे का. त्यांनी नाही अशी मान हलवली. गिरणीत ते मशीनवर होते, हाताखाली माणसं असायची. भंगारातल्या बॅटऱ्या फोडतो हे आईला आणि धाकट्या भावाला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मी मध्येच बोलले. त्यांच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही. पण विचारलं, "फेब्रुवारीत घरात शिशाचं बोलणं झालं तेव्हा तुम्ही दाराशीच होतात ना?"

ते माझ्याकडे वळले आणि एकदम मालवणीवर आले. "होतंय. माका वाटला, धूर वर जाता. आणि मी वरीसभर ह्याच हातान शिसा धरतंय. माका काय झाला नाय, मगे पोराक कसा होयत? सुरेश म्हणालो छापखान्यातला, तर माका वाटला तसाच असतला."

खरंच तसं वाटलं होतं, की वाटून घेतलं होतं, हे मला आजही माहीत नाही. सुरेश शेजारी उभे होते. ते फक्त एवढं म्हणाले, "तू बोलला असतास तर मी छापखाना सोडला नसता रे."

मॅडमना आमच्या घरच्या गोष्टीत रस नव्हता. त्यांचं लक्ष भाऊजींच्या उजव्या हाताकडे होतं. दोन्ही हात समोर लांब करा, पंजे वर उचला, असं त्यांनी सांगितलं. डावा पंजा उचलला गेला. उजवा मनगटातून लोंबत राहिला. ह्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. शिसं नसांवर बसतं आणि मनगट उचलणारे स्नायू निकामी होत जातात. ते दोन महिने डाव्या हाताने गुंड्या लावत होते. एका घरात राहून आमच्यापैकी कोणी ते पाहिलं नव्हतं. माका काय झाला नाय, म्हणणाऱ्या त्या माणसाचं रक्त तपासलं तेव्हा आकडा चिमीपेक्षा मोठा निघाला.

पुढच्या आठवड्यात मॅडम दोन विद्यार्थ्यांना घेऊन स्वतः आमच्या चाळीत आल्या. मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. तिथून तीस-पस्तीस पावलांवर चार शेड होत्या. त्यांची धुराडी आमच्या खिडक्यांच्या उंचीची होती, कारण चाळ उतारावर आणि शेड खाली. राख आणि फुटलेल्या बॅटऱ्यांचा चुरा शेडवाले चाळीच्या मागच्या भिंतीला लावून टाकायचे. पोरं त्यावर चढून खेळायची. आम्ही त्याच जागी कपडे वाळवायचो, पापड घालायचो. त्या वासाची तक्रार आम्ही करायचो, पण वास म्हणजे वास. त्याच्यातून काही आत येतं हे डोक्यात आलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी खिडकीच्या चौकटीवरची धूळ कागदात बांधून घेतली आणि चिमी बसायची तिथली माती घेतली.

मग मॅडमनी माझ्या बालवाडीतल्या मुलांचं रक्त तपासायचं म्हटलं. मी घरोघर गेले. काही बायका आल्या, काहींनी दार लावलं. आमच्याच तळमजल्यावरची एक जण म्हणाली, "तुझी पोर आजारी म्हणून आमच्या पोरांना सुया टोचणार का गं?" तिचा नवरा पहिल्या शेडमध्ये होता. आमच्या चाळीतली आणि वरच्या झोपड्यांतली बरीच माणसं तिथे होती, सगळी गिरण्यांतून बाहेर पडलेली. अकरा मुलांचं रक्त घेतलं. सात जणांत शिसं जास्त निघालं. त्यातला एक मुलगा माझ्या बालवाडीत कोपऱ्यात गप्प बसायचा आणि मी त्याला मंद समजत होते. दुसरी एक मुलगी सारखी पोट धरायची आणि मी म्हणायची, नाटक करते.

ज्या दिवशी ते कागद आले त्या दिवशी कोणावर रागवावं हे मला कळेना. शेडच्या मालकावर, तर तो आठवड्यातून एकदा यायचा आणि त्याचं नावही आम्हाला धड ठाऊक नव्हतं. भाऊजींवर, तर ते चिमीला घेऊन अनवाणी धावले होते. स्वतःवर, तर मी तिला त्याच दाराशी वाऱ्याला बसवत होते.

चाळीची सभा झाली. भांडणं झाली. महापालिकेकडे अर्ज गेला, त्यावर मॅडमनी सही केली. तळमजल्यावरची ती बाई सगळ्यात शेवटी सहीला आली, तिच्या मुलाचा कागद आल्यावर. ऑगस्टमध्ये चारही शेड एका दिवसात उठल्या. ट्रकमध्ये पत्रे भरले आणि गेले. आम्ही माती खरवडून, गोण्यांत भरून महापालिकेच्या गाडीत टाकली आणि वर नवा मुरूम पसरला. त्या दिवशी चाळीत कोणी आनंद केला नाही. नऊ घरांतल्या माणसांचं काम गेलं होतं.

चिमीला पुन्हा इंजेक्शनं दिली आणि मग पेनिसिलामिनच्या कॅप्सूल, ज्या मी उघडून केळ्यात कालवून द्यायची. डिसेंबरपर्यंत आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. झटका पुन्हा आला नाही. आता ती दहा वर्षांची आहे. पळते, भांडते, गाणी म्हणते. गणितात मात्र फार अडते. हे शिशाने झालं, की तिचा स्वभावच तसा, की मी शिकवायला कमी पडले? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, काहींना राहतं, काहींना राहत नाही, हिच्याबद्दल मला सांगता येणार नाही. मी तिला पाढ्यांना बसवते आणि ती अडली की ओरडायला तोंड उघडते आणि मिटते.

भाऊजींचा हात अर्धा परत आला. ते घरीच असतात, सासूबाईंना हाताला धरून बाजारात नेतात. सुरेशना छापखान्यात परत घेतलं नाही, त्यांच्या जागी दुसरा बसला होता. दोघे भाऊ एका पंगतीला बसून जेवतात. त्या संध्याकाळबद्दल ते पुन्हा बोलल्याचं मी ऐकलं नाही. काजळाच्या डबीबद्दल मी सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सोड गो," आणि पुढे चिमीची वेणी घालायला लागल्या.

तुमच्या मुलाचं पोट सारखं दुखत असेल, ते पांढरं पडत असेल, माती खात असेल, शिकलेलं विसरत असेल, तर डॉक्टरांना घराच्या आतलंच नव्हे, घराच्या मागचंही सांगा. काय जळतं, काय वितळतं, कोण काय काम करून घरी येतं. लाज वाटणारं काम असेल तर ते आधी सांगा. आम्ही चुकलो ते तिथे.

एवढंच लिहून थांबणार होते. पण गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली, तीही सांगते.

भाऊजींना जुन्या कामावरचा एक माणूस भेटला. त्याच्याकडून कळलं की त्या शेड मानखुर्दला गेल्या आहेत, झोपड्यांच्या मध्येच. रविवारी सकाळी भाऊजी मला म्हणाले, "मी एकटो गेलंय तर कोण ऐकतला नाय. तू बालवाडीची बाई. तू चल." आमच्या इथून आम्ही हाकललं ते तिथे गेलं, हे माझ्याही मनातून जात नव्हतं. आम्ही गेलो.

वासावरूनच जागा सापडली. शेडसमोरच्या झोपडीत एक बाई होती, पंचविशीची असेल, कडेवर वर्षाचं मूल. मी बोलायला सुरुवात केली तर तिला वाटलं मी झोपड्या पाडायच्या यादीसाठी आले आहे. ती आत जायला निघाली. तेव्हा भाऊजींनी उजवा हात पुढे केला आणि पंजा उचलून दाखवला, म्हणजे जेवढा उचलत होता तेवढा. ती थांबली.

मग मी चिमीचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझा नवरा ह्याच भट्टीवर आहे, बाई. काम सोडलं तर जायचं कुठं?"

भाऊजी म्हणाले, "काम सोड असं मी सांगत नाही. मी सोडलं तेव्हा उशीर झाला होता. त्याला सांग, घरी आला की आधी आंघोळ, डोक्यावरून. मग पोराला हात. आणि मंगळवारी दोघांना घेऊन ओपीडीत ये. तिथल्या मॅडम चांगल्या आहेत." त्यांनी हॉस्पिटलचं नाव आणि खोली तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तरी मंगळवारी मी बालवाडीला सुट्टी देऊन जाऊन बसले. त्याच बाकावर. मॅडमचे आता चष्म्याचे नंबर वाढले आहेत, केस पिकले आहेत. त्यांचे उपकार कसे फेडायचे हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी अधूनमधून तिथे जाऊन नव्या आयांशेजारी बसते.

अकराच्या सुमारास ती बाई आली. मागून तिचा नवरा आला, मूल त्याच्या छातीशी होतं. त्याचे केस अजून ओले होते.